एकच गोष्ट बदलायची

जिल्ह्याहून आमच्या शाळेला एक विज्ञानपेटी आली होती. लोखंडी, हिरव्या रंगाची, दोन्ही बाजूंना कड्या. आत भिंग, लोहचुंबक, काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि एक नाजूक तराजू. हे मला ठाऊक, कारण पेटी उघडली त्या दिवशी यादीवर खुणा करायला मीच बसलो होतो. खुणा झाल्या, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या करदोट्याला गेली. तपासणीला साहेब आले आणि एखादी नळी फुटलेली निघाली तर जाब कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. पेटी त्यांच्या टेबलाखाली राहिली आणि ते तिच्यावर पाय ठेवून बसू लागले. पाय ठेवायला तिची उंची अगदी बेताची होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, भंडाऱ्याचा, डी.एड. करून नुकताच नोकरीला चिकटलेला. डोकं गरम, आणि आपल्याला सगळं कळतं हा ठाम समज. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं ती. शहापूरला एसटीतून उतरायचं, चहाच्या टपरीमागे ठेवलेली सायकल काढायची आणि धानाच्या बांध्यांमधून, भातखाचरांमधून, पाऊण तास हाणायची. गावात चौथीपर्यंत शाळा, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात माझी तिसरी.

पेटी नाही तर नाही, म्हटलं. माझी बहीण जवाहरनगरला दिली होती, मेहुणा फॅक्टरीत, राहायला क्वार्टर. त्यांच्या अख्ख्या लाइनीतले गेलेले बल्ब आणि डालडाचे रिकामे डबे बहीण माझ्यासाठी पोत्यात भरून ठेवायची. बल्बचा बुडखा काढून आत पाणी भरलं की भिंग तयार. मोडक्या छत्रीची काडी आणि बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं, की तराजू तयार. महिनाभरात माझा व्हरांडा भंगारवाल्याच्या दुकानासारखा दिसायला लागला आणि पोरं सुट्टीच्या दिवशीसुद्धा शाळेकडे फिरकू लागली.

पोरांकडून मी दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. रोज सकाळी पाढ्यांच्या आधी ती व्हायची. एक, मी सांगतो म्हणून मानू नका, करून पाहा. दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणजे दोन डबे घ्यायचे, माती तीच, बी तेच, पाणी तितकंच. बदलायची ती फक्त एक गोष्ट. मग जो फरक दिसेल तो त्या एका गोष्टीमुळे. आठ वर्षांच्या पोराला यापेक्षा जास्त विज्ञान लागत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. ते वाक्य चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि तेच मला खातं.

त्या वर्गात एक मुलगी होती. बारकी, केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, आणि एका जागी बसली की उठायची नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती कधीच लगेच द्यायची नाही. काय बुडतं आणि काय तरंगतं, हे आम्ही एकदा बादलीत पाहत होतो. पितळेची किल्ली बुडाली, पितळेचं बटण बुडालं. पितळ बुडतं, असं सगळ्यांनी एका सुरात ठरवलं. ही गप्प. दुसऱ्या दिवशी फ्रॉकच्या ओच्यात लपवून घरची पितळी वाटी घेऊन आली, अलगद पाण्यावर ठेवली आणि म्हणाली, "हेबी पितळच हाय ना गुरुजी? मंग हे काहून तरंगून राहिलं?"

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी तिला उत्तर द्यायचंच विसरलो. अशी पोर शिक्षकाला नोकरीत एखाद्या वेळी मिळते, आणि मला पहिल्याच वर्षी मिळाली होती. चौथीनंतर हिला भंडाऱ्याला पाठवायचं, आपल्या आईजवळ ठेवायचं, असे मनसुबे मी सायकलवर रचत जायचो. बाप हो म्हणेल का, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

आषाढात मी उजेड-अंधाराचा प्रयोग केला. दोन डालडाच्या डब्यांत गहू पेरला. एक डबा व्हरांड्याच्या कठड्यावर, दुसरा वर्गाच्या कोपऱ्यात पालथ्या माठाखाली. आठ दिवसांनी माठ उचलला. उजेडातला गहू बोटभर, हिरवागार. अंधारातला वीतभर, पिवळाजर्द, एकमेकांच्या अंगावर रेललेला.

"अंधारवाला जितला!" पोट्टे ओरडले.

मी हसलो, म्हटलं, थांबा. तो उंच झालाय तो उजेड शोधायला. अंगात जोर नाही त्याच्या, आजारी आहे तो. त्याला उन्हात ठेवू आणि पाहू. दोन-तीन दिवसांत पिवळी पाती हिरवी धरायला लागली. पोरांनी तोंडात बोटं घातली. त्या मुलीनं वाकून, पाती दोन बोटांत धरून पाहिली.

"गुरुजी, हे अंधारातलं भुजलीवानी दिसते."

भुजली आमच्याकडे घरोघरी असते. नागपंचमीच्या सुमारास बायका बांबूच्या टोपलीत माती आणि शेणखत घालून गहू पेरतात आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तळ्यावर जायचं, माती पाण्यात शिरवायची आणि ती लांब पिवळी पाती एकमेकांच्या कानामागे खोचायची. ज्या घरची भुजली उंच आणि पिवळी, त्या घरचं साल चांगलं जाणार. माझी आईही दरवर्षी करायची. लहानपणापासून माझ्या कानामागे ती पाती खोचली गेली होती.

तरी मी काय बोललो? मी म्हणालो, "मग भुजलीही आजारीच असते म्हणायची! अंधारात कोंडल्यावर दुसरं काय होणार?"

पोरं खो खो हसली. मीही माझ्या विनोदावर खूश झालो. ती हसली नाही, नेहमीसारखी विचारात पडली होती. मला वाटलं, बी रुजलं.

तिची आई तेव्हा पोटुशी होती. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, घरची सगळी माणसं बांधीत चिखलात. आईचे पाय सुजलेले, तोंड फिकट हळदीसारखं झालेलं, म्हणून ती घरी. सोबतीला म्हातारी सासू, तिला मोतीबिंदूनं नीट दिसायचं नाही. मी एकदा पोरीच्या वहीचं निमित्त करून त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा आईनं उठून पाणी दिलं. गडू धरलेला तिचा पिवळा पडलेला हात पाहून मला वाटलं होतं, हिला दवाखान्यात न्यायला हवं. वाटलं, आणि मी पाणी पिऊन सायकलवर बसलो.

राखीच्या दुसऱ्या दिवशी शाळा अर्धीच होती. मी गावातच थांबलो. गाणी म्हणत बायका बोडीकडे निघाल्या. बोडी म्हणजे गावाचं छोटं तळं. ओळीनं टोपल्या, सगळ्यांत पिवळी लांब पाती हलत होती. त्या ओळीत एक टोपली हिरवी होती. पाती आखूड, ताठ, धानाच्या पऱ्ह्यासारखी, कोवळ्या रोपांसारखी. ती माझ्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर होती.

माझ्या लगेच ध्यानात आलं. अंधाऱ्या खोलीतली टोपली हिनं रोज मागच्या सांदवाडीत, परसात, उन्हात नेऊन ठेवली होती आणि घरचे परतायच्या आत पुन्हा आत ढकलली होती. डोळ्यांनी दिसणारी माणसं बांधीत, आणि घरात होती त्या म्हातारीला दिसत नव्हतं. आईला दिसत असणार. पण तिच्यात उठून पाहायचं त्राण नसावं, किंवा पाहिलं असेल आणि लेकीचं कौतुक म्हणून गप्प बसली असेल.

बायकांचं गाणं त्या टोपलीपाशी जरा अडखळत होतं.  आजीनं टोपलीत हात घालून पाती चाचपली, तिला बोटांनीच कळलं. "यंदा असंच," एवढंच ती म्हणाली. आणि मी, अति शहाणा, पुढे झालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खरं म्हणजे हीच निरोगी भुजली आहे. बाकीच्यांनी पाहून घ्या." पोरीकडे पाहून मी डोळे मिचकावले. तिचा चेहरा उजळला. आई काठावर दगडाला टेकून बसली होती, तिनं हात पुढे केला. पोरीनं हिरवी पाती तिच्या कानामागे खोचली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी ती बाई गेली. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, घरीच बाळंत झाली, मुलगा झाला, आणि मग रक्त थांबेना. बैलगाडीत घालून शहापूरच्या रस्त्याला लावली. वाटेतला नाला भरलेला होता. तो ओसरायची वाट पाहत ते अलीकडे उभे राहिले, आणि गाडीतच तिचा जीव गेला. मूल जगलं.

मुलगी शाळेत यायची थांबली. दहा-बारा दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पोरीच्या माथी हे खापर फोडणार असाल तर याद राखा, असं सगळं भाषण सायकलवर पाठ करत आलो होतो. मला कुणावर तरी रागवायचं होतं.

आजी ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बोंडल्यानं दूध पाजत होती. तिनं आवाजावरून ओळखलं, म्हणाली, "बसा गुरुजी." मी भुजलीचा विषय काढताच तिनं मान हलवली.

"कोनी नाई बोललं तिले. तिचा बापबी नाई, मीबी नाई. येवड्या लेकराले का बोलाचं? मानसाची येळ येते, जाते. तीच म्हन्ते. तुमी सांगून पाहा, तुमचं आयकते ते."

माझं भाषण तिथेच गळून पडलं.

ती मागे सांदवाडीत दुपटी वाळत घालत होती. उंची पुरत नव्हती म्हणून पाटावर उभी. मला पाहून खाली उतरली, मास्तरांसमोर उभं राहतात तशी हात बांधून उभी राहिली. मी म्हटलं, बाई गं, शाळेत ये.  मी म्हटलं, आई गेली त्यात तुझा काही दोष नाही. भुजलीनं माणूस मरत नसतं.

"गुरुजी, बाकी सप्पा तसंच होतं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत, फळ्यापाशी उभी राहून सांगायची तसा. "टोपली तेच, माती तेच, गहूबी तेच. दरसाली माय करते तसंच. मी एकच गोस्ट बदलली."

मी जोरात मान हलवली. म्हटलं, "असं काही नसतं. मी सांगतो ना तुला."

"तुमीच तं म्हन्ता, मी सांगतो म्हनून मानू नका."

मी तिच्या पुढ्यात मातीत बसलो. विचारायला नको होतं, तरी विचारलं, "तू टोपली उन्हात कायले नेली गं?"

तेव्हा मात्र तिनं बांधलेले हात सोडले. "मायबी पिवळी पडली होती ना. डब्यातलं हिरवं झालं, मंग भुजली हिरवी झाली तं मायबी चांगली होईन, असं वाटलं मले."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  परत येताना नाल्यापाशी सायकल उभी केली आणि मी रडलो. नाल्यात तेव्हा घोट्याएवढंही पाणी नव्हतं.

घरी आईला सगळं सांगितलं. विनोदासकट सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "आमाले का माईत नाई का रे, उजेडात हिरवं होते म्हनून? जिंदगीभर पऱ्हे लावले मी, ते का अंधारात लावले? हिरवं तं बांधीत हायेच. भुजली पिवळी ठेवतात ते पिकल्या धानावानी दिसावं म्हनून. पिकलेलं पयले डोयानं पाहून घ्याचं, मंग रोवणीचं दुखनं सहन होते." सुपातला खडा तिनं अंगणात फेकला. "तू इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी विचारलं नव्हतं. पोरांना प्रश्न विचारायला शिकवत हिंडलो आणि माझ्याच आईला एक प्रश्न विचारला नाही.

पुढच्या वर्षी आषाढात मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. वर्षभर डोक्यात एकच घोळत होतं, आणि उत्तर मला सापडलं होतं. पोरीनं एक प्रयोग एकदाच केला होता. एकदा करून काहीच सिद्ध होत नाही, तोच पुन्हा पुन्हा करावा लागतो, हे तिसरं वाक्य मी त्यांना शिकवलंच नव्हतं. आता शिकवायचं. पिशवीत दोन डालडाचे डबे घेऊन गेलो.

ती नऊ वर्षांची झाली होती आणि नऊ वर्षांची दिसत नव्हती. भाऊ कडेवर होता, वर्षाचा होत आलेला, गुटगुटीत. शाळा सुटलीच होती. आजीचे डोळे पार गेले होते, बाप शेतावर, घर हिच्यावर. मी ओसरीवर बसलो, डबे मांडले आणि तिला नीट समजावून सांगितलं. एकदा झालं म्हणजे तसंच होतं असं नाही. यंदा पुन्हा भुजली उजेडात ठेव. काही होणार नाही. तुझं तूच पाहशील, मग तुझ्या मनातलं जाईल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला कळलंही, चांगलंच कळलं. तिनं कडेवरच्या भावाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"याच्यावर करू, गुरुजी?"

मी डबे पिशवीत भरले. ती चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं. निघताना आजीनं आतून विचारलं, "चालले का गुरुजी?" मी हो म्हटलं.

त्यानंतर मी त्या शाळेत आणखी बरीच वर्षं काढली. मुख्याध्यापक निवृत्त झाले, पेटी उघडली. स्पिरिट उडून गेलं होतं आणि तराजूच्या साखळ्यांना गंज चढला होता, नळ्या मात्र एकूण एक शाबूत. मी मन लावून शिकवलं. भिंगं केली, तराजू केले, वाटी का तरंगते ते दरवर्षी दाखवलं. उजेड-अंधाराचा धडा आला की मी चित्रावरून सांगायचो. पोरांनी डबे मागितले तर, यंदा डबे नाहीत, म्हणायचो. डबे होते.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. भुजलीचा दिवस. माझ्याकडे तेव्हा पहिली होती. गावात नावं उशिरा टाकायची पद्धत, रोवणी आटोपल्याशिवाय कुणाला पोरं आठवत नसत. मधल्या सुट्टीनंतर ती व्हरांड्यात आली. चौदा वर्षांची, लुगडं नेसलेली, डोक्यावर टोपली. बोटाला धरून भाऊ. टोपलीतली पाती इतकी लांब आणि इतकी पिवळी की मी तशी दुसरी पाहिली नाही. गावातल्या बायका सांगायच्या, हिच्यासारखी भुजली कुणाला जमत नाही. काळ्या घोंगडीत गुंडाळते, खोलीची फटसुद्धा शेणानं लिंपून घेते, पाणी घालते तेही डोळे मिटून.

"याचं नाव टाका, गुरुजी," ती म्हणाली. "यंदा याले सातवं लागते."

मी रजिस्टर काढलं. ती टोपली खाली ठेवून उभी राहिली. मग जरा थांबून, पूर्वी उत्तर पक्कं झाल्यावरच बोलायची तशी बोलली.

"तुमी म्हटलं होतं, एकदा करून भागत नाही म्हनून. मी सहा खेपा केलं. माती तेच, गहू तेच, अंधार तोच. एकबी गोस्ट बदलली नाही." तिनं भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पाहा, याले साधा ताप नाई आला."

त्यावरचं उत्तर मला येत होतं. आजही येतं. पण ते द्यायचं तर तिला पुन्हा सांगावं लागलं असतं, की एकदा उजेडात ठेवून पाहा. मी त्या पोराकडे पाहिलं. तो टेबलावरचा पाण्याचा बल्ब उचलून त्यातून बहिणीचा हात पाहत होता. मी रजिस्टरात त्याचं नाव लिहिलं.

तिनं टोपलीतली चार पाती उपटली. मी मान वाकवली, तिनं ती माझ्या कानामागे खोचली आणि पाया पडली. जायला निघाली आणि पायरीशी वळली.

"याले सप्पा शिकवा, गुरुजी. फक्त ते भुजलीचं नोका शिकवू."

मी हो म्हटलं.